गटारपट्टी

बहिणीच्या त्या पत्राला उत्तर न दिल्याला या महिन्यात अकरा वर्षं होत होती. मास्तरांना घरातल्या कुणाचा वाढदिवस लक्षात राहत नसे, पण त्या पत्रावरची तारीख पाठ होती. पत्र हरवलं म्हणून उत्तर राहिलं, असं म्हणायचीही सोय नव्हती. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यांनी जागा सांगितली असती: रंगखोलीतलं कपाट, वरून दुसरी फळी, सातवी रंगवही, जांभळ्या रंगाचं पान.

पत्र छोटंच होतं. प्राथमिक शाळेच्या फळ्यावर तीस वर्षं लिहून बहिणीचं अक्षर टपोरं झालेलं. 'दादा, तीन-चार महिने आमच्या विहिरीच्या पाण्याला झाक आलीय. पेल्यात दिसत नाही, बादलीत दिसते. गावात म्हणतात, खडकातलं काहीतरी उतरत असेल. मी जुन्या चादरीची पांढरी पट्टी तीन दिवस पाण्यात ठेवली होती, ती सोबत पाठवतेय. लहानपणी बाबा तुझ्यापुढे चिंधी धरायचे आणि तू रंग सांगायचास. हा कोणता, तेवढं सांग. फोनवर विचारलं असतं, पण तुमच्याकडे फोन नेहमी चारचौघांत असतो.'

मास्तरांनी पट्टी खिडकीशी धरली होती आणि दुसऱ्या मिनिटाला वही काढली होती. मग पट्टी पत्रात, पत्र वहीत, वही कपाटात. तेव्हापासून ते बहिणीकडे दोनदा गेले, दोन्ही वेळा लग्नाला, आणि दोन्ही वेळा गर्दीतून लवकर निघाले.

तीच सातवी वही आज टेबलावर होती.

गुरुवार म्हणजे घरच्या कापड रंगवायच्या कारखान्याच्या सुट्टीचा दिवस. बॉयलर थंड होता. खालचे हौद रिकामे होते आणि पंखे बंद असल्यामुळे बाहेरच्या गल्लीतले भोंगे एरवीपेक्षा मोठे ऐकू येत होते. माडीवर, जिथे ताके तपासायचे, त्या लांब टेबलाभोवती घरची माणसं बसली होती. टेबलाच्या डोक्याशी धाकटा भाऊ. छातीचं दुखणं झाल्यापासून तो हळू बोलायचा, त्यामुळे लोक त्याचं जास्त ऐकायला लागले होते. त्याच्या शेजारी त्याची बायको, पुढ्यात चहाचा थर्मास. त्यांचा मुलगा, मास्तरांचा पुतण्या, उभा. हल्ली कारखाना तोच बघायचा आणि बसून बोलणं त्याला जमत नसे. खिडकीपाशी त्याची बायको, घरातली सून. दोन वर्षांपूर्वी मास्तरांची नजर अधू झाल्यापासून रंग मिसळायचं त्यांचं काम, ज्यामुळे गल्ली त्यांना मास्तर म्हणे, तिच्याकडे आलं होतं. मास्तर स्वतः टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, खुर्ची जरा मागे घेऊन बसले होते. घरच्या बैठकीत त्यांची खुर्ची नेहमी अशीच असायची. जणू कुणाच्या तरी घरी आलेत आणि चहा झाला की निघणार आहेत.

पुतण्यानं सांगितलं ते थोडक्यात असं. सोमवारी तपासणीची माणसं येणार. उताराच्या गावांतल्या लोकांनी मिळून तक्रार केलीय की त्यांच्या विहिरी बाटल्या. गल्लीतल्या चाळीसच्या चाळीस कारखान्यांत जमिनीत रंगाचं पाणी सोडायच्या जुन्या बोअर शोधणार आहेत. आपली तिसऱ्या हौदामागे आहे. आज दुपारी वाळू-सिमेंट आलंय, संध्याकाळपर्यंत तिच्यावर फरशी होईल, रविवारपर्यंत सुकेल, वर ताक्यांच्या थप्प्या मारू. राहिल्या दोन गोष्टी. एक हा कागद, की या जागेत चालू बोअरशिवाय दुसरी बोअर कधी नव्हती. जागा आजोबांनी तिन्ही मुलांच्या नावावर ठेवली असल्यानं त्यावर सह्या तीन. आणि दुसरी म्हणजे या वह्या.

"वह्यांनी काय घोडं मारलंय?" भावजयीनं विचारलं.

"आई, वहीत बोअरचा नकाशा आहे. पहिल्या दिवशी किती पिंपं ओतली, तेसुद्धा आहे. काकांना सवयच आहे, शिंकले तरी लिहून ठेवतील."

भावजय हसली. मास्तरही थोडे हसले, कारण ते खरं होतं.

वह्यांची रीत वडिलांपासूनची. प्रत्येक रंगाला एक पान, पानावर मिश्रणाची कृती आणि खाली दोन पट्ट्या चिकटवलेल्या. पहिली रंगलेल्या कापडाची. दुसरी पांढऱ्या कापडाची, हौद सोडल्यावर जे पाणी वाहून जाई त्यात बुचकळून काढलेली. तिला ते गटारपट्टी म्हणत. वडील आधी दुसरी पट्टी बघत. ती जितकी फिकी तितका रंगारी चांगला. गडद निघाली की म्हणत, "कापड रंगवायला बसला होतास की गटार?" गल्लीतल्या दुसऱ्या कुठल्या कारखान्यात ही रीत नव्हती. बाकीचे रंगारी हसत. म्हणत, लोक जेवण चाखतात, हे खरकटं चाखतात.

त्या वेळी गटाराचं कुणाला काही वाटत नसे. सकाळी तांबडं, दुपारी हिरवं, संध्याकाळी निळं. पलीकडच्या वस्तीतली पोरं त्यावरून शाळेची वेळ ओळखत. मग वस्ती वाढली, एकावर एक खोल्या चढल्या, कारखाने चाळीस झाले. दोनशे फुटांवरचं पाणी तीनशेवर गेलं, तीनशेवरचं सातशेवर. वरच्या बोअर कोरड्या पडत गेल्या आणि कारखान्याकारखान्यांत दात पडलेल्या हिरडीसारखी भोकं उरली. त्यातच हुकूम आला, गटारात रंगाचं पाणी दिसलं तर टाळं. शुद्धीकरणाची टाकी बसवायला जागाही नव्हती आणि ऐपतही नव्हती. त्या दिवशी घरची माणसं याच टेबलाभोवती बसली होती. सगळे गप्प होते, आणि खुर्ची मागे घेऊन बसलेल्या एका माणसानं भीतभीत तोंड उघडलं होतं.

"सही आधी काकांची घेऊ," पुतण्या म्हणाला. "मग बाबांची. आत्याकडे मी रविवारी जातो."

"ती करेल?" भावजयीनं विचारलं. "शाळेतली बाई आहे. चार प्रश्न विचारेल."

"नाही विचारणार. काकांची सही बघितली की ती खाली सही करते. घराच्या कागदांच्या वेळी वाचलंसुद्धा नव्हतं. म्हणाली, दादानं वाचलंय ना, मग झालं."

मास्तरांनी पेन उचललं होतं. ते तसंच हातात राहिलं.

"तिची विहीर उताराला आहे," ते म्हणाले.

ते इतकं हळू आलं की भावजयीला वाटलं त्यांना चहा हवाय. तिनं कप पुढे सरकवला.

पुतण्या समजूतदारपणे बोलला. तो वाईट मुलगा नव्हता, मास्तरांनीच त्याला रंगांची नावं शिकवली होती. त्यानं मोजून सांगितलं की इथल्या कामावर साठ घरांच्या चुली पेटतात. आपण खरं बोललो तर आपल्याला टाळं, आणि बाकीचे एकोणचाळीस फरश्या घालून मोकळे. पाणी काय एकट्या आपल्यामुळे नासलंय? अख्ख्या देशाचा गाळ तळाला चाललाय, आपण त्यातला एक तांब्या. आणि विहिरीला रंग आला होता तो अकरा वर्षांपूर्वी, तोही जेमतेम वर्षभर. पुढे आपणच पाण्यात ब्लीच घालायला लागलो. आता जमिनीत जातं ते पाणी नितळ असतं. आत्या स्वतः फोनवर सांगते, पाणी छान आहे म्हणून.

"झाकली मूठ आहे काका. उघडून कुणाचं भलं?"

मास्तरांना तो फोन आठवला. पत्रानंतर सात-आठ महिन्यांनी आलेला. मधल्या काळात बहीण टँकरचं पाणी भरत होती, रांगेत उभं राहून. ती आनंदानं म्हणाली होती, दादा, आमचं पाणी स्वच्छ झालं, विहिरीवर पुन्हा दोर टाकलाय. पत्राबद्दल तिनं विचारलं नाही. तेव्हा नाही, नंतरही नाही. मास्तर म्हणाले होते, वा, बरं झालं. आणि फोन ठेवून हात धुतले होते.

कारण ब्लीच घालायला त्यांनीच सांगितलं होतं. पत्राला दिलेलं उत्तर ते एवढंच.

खिडकीपाशी सून उठली. बैठकीत ती सहसा बोलत नसे. सासूबाईंचं म्हणणं होतं की तिला रंगांशी बोलायला आवडतं, माणसांशी नाही. ती रंगखोलीत गेली आणि हल्लीची वही घेऊन आली. पुतण्यानं तिच्याकडे पाहिलं.

"तू कशाला मध्ये पडतेस?"

"मध्ये नाही पडत. काकांनी शिकवलं म्हणून मी अजून गटारपट्टी काढते. तेवढी दाखवते."

तिनं वही उघडून टेबलावर सरकवली. प्रत्येक पानावर वर रंगीत पट्टी आणि खाली पांढरीशुभ्र. पुतण्या म्हणाला, हेच तर मी सांगतोय. सुनेनं सासूबाईंना सांगितलं, जरा हात लावून बघा. भावजय बोटानं एक पांढरी पट्टी उचलायला गेली तर ती उचललीच गेली नाही. तिचा भुगा झाला. दुसरीला हात लावला, तिचाही. टेबलावर पिठासारखं पांढरं पडलं.

"सुती कापड आहे," सून म्हणाली. "त्या नितळ पाण्यात बुचकळून वाळवलं. महिन्याभरात असं होतं."

भावजयीनं बोट पदराला पुसलं, मग पुन्हा पुसलं.  मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "वन्सं हेच पाणी पितात?"

"उकळून पितात," पुतण्या म्हणाला.

"उकळून काय होतं ते मला नको सांगू, मी स्वयंपाक करते."

आता धाकटा बोलला. त्यानं आधी मुलाला बसायला सांगितलं, आणि मुलगा खरोखरच बसला. मग तो मास्तरांकडे वळला. आवाजात राग नव्हता; त्यामुळेच मास्तरांना जास्त धास्ती वाटली.

"दादा, मला ते पत्र माहीत आहे."

मास्तरांनी मान वर केली.

"दुसऱ्याच वर्षी वाचलं. जांभळ्याची कृती हवी होती, तू गावाला होतास. वही काढली तर पानात पत्र. पट्टी पण होती." धाकटा थांबला, श्वास घेतला. "तू उत्तर दिलं नाहीस. तिच्यावर तुझा एवढा जीव, तरी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलास. माझ्यासाठी. पाणी सोडायचा हुकूम माझा होता, नाव माझं गेलं असतं, म्हणून. मी कधी बोललो नाही, पण विसरलोही नाही. म्हणून आज सांगतो, तुझा जीव नसेल मानत तर तू सही करू नकोस. कागदावर लिहू की मोठ्या भावाची तब्येत बरी नसते. सही मी करतो, तिची मी आणतो. तू फक्त वही दे आणि घरी जाऊन वाचत पड."

मास्तर ऐकत राहिले. आयुष्यात त्यांना इतकं सोपं दार कुणी उघडून दिलं नव्हतं. भाऊ त्यांच्यावरचं ओझं काढून स्वतःच्या डोक्यावर घ्यायला तयार होता, वर आभारही मानत होता. घरी जायचं, दिवा लावायचा, पुस्तकात खूण घातलेलं पान उघडायचं. त्यांना ते पानही आठवलं. गेली नऊ-दहा वर्षं धाकटा दर आजारपणात त्यांच्या उशाशी येऊन बसत होता, चष्म्याची काच फुटली तर स्वतः बदलून आणत होता, ते का, हे आज कळलं. आणि ते सगळं चुकीच्या पत्त्यावर आलं होतं.

"तुझ्यासाठी नाही," मास्तर म्हणाले.

"काय?"

"गप्प राहिलो ते तुझ्यासाठी नाही. माझ्यासाठी." त्यांनी चष्मा काढला, चष्म्याशिवाय समोरचे चेहरे पुसट होत, तेच बरं वाटलं. "कोरड्या बोअरमध्ये सोडायचं कुणी सुचवलं, आठव."

धाकट्यानं आठवायचा प्रयत्न केला. पुतण्या म्हणाला, तेव्हा गल्लीत सगळेच करत होते.

"सगळे नंतर करायला लागले. आपलं बघून." मास्तरांनी चष्मा टेबलावर ठेवला. "मी एका पुस्तकात वाचलं होतं. जमिनीचे थर पाणी गाळतात, वाळू, मुरूम, खडक. पाऊणशे वर्षांपूर्वीचं पुस्तक. त्यात नदीच्या गढूळ पाण्याबद्दल लिहिलं होतं, रंगाबद्दल एक अक्षर नव्हतं. तेवढं वाचून मी इथे बसून म्हणालो, जमीन गाळून घेईल. तू विचारलंस, नक्की ना दादा? मी म्हणालो, पुस्तकात आहे. मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी काहीतरी विचारत होतं."

धाकट्याला आता आठवलं.

"पहिलं पिंप ओतलं तेव्हा मी वाकून ऐकत होतो. तळाला लागल्याचा आवाजच आला नाही. तेव्हाच समजायला हवं होतं की ते कुठेतरी चाललंय. मी वहीत लिहिलं, 'आवाज नाही, म्हणजे खोली भरपूर.' आणि दोन वर्षांनी तिची पट्टी आली. जांभळ्याच्या गटारपट्टीला लावून बघितली, फरक नव्हता. तिला लिहायचं तर हे सगळं लिहावं लागलं असतं. म्हणून मी रंग काढायला सांगितला. रंग दिसत होता तोवर ती ते पाणी पीत नव्हती. तो मी पुसला, आणि ती पुन्हा प्यायला लागली."

धाकटा टेबलावरच्या पांढऱ्या भुग्याकडे बघत होता.

"म्हणजे इतकी वर्षं मी कुणाचे उपकार मानत होतो?" तो म्हणाला.

 भावानं खुर्ची वळवली आणि तोंड भिंतीकडे केलं. लहानपणी रुसला की तो असाच बसायचा. तेव्हा मास्तर त्याला गोष्ट सांगून वळवत. आज त्यांच्याकडे गोष्ट नव्हती.

पुतण्या उठून वहीपाशी आला. सुनेनं सातवी वही आपल्याकडे ओढून घेतली आणि तिच्यावर हात ठेवला. जोर नव्हता त्यात, पण हात उचलायचा तर नवऱ्याला तो धरावा लागला असता, आईबापांसमोर. तो थांबला.

"साठ घरांचं काय?" त्यानं काकांना विचारलं. आता समजावणी नव्हती. "त्यांना पुस्तकातलं काय वाचून दाखवू?"

"मला माहीत नाही," मास्तर म्हणाले. "खरंच माहीत नाही. सोमवारी ते आले की बोअर मी दाखवीन आणि सांगीन की कल्पना माझी. पुढचं तुम्ही सगळे मिळून ठरवा. मी ठरवलेलं एकदा बघितलंत."

भावजय उठली आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन खाली वाळू कालवणाऱ्या माणसांना सांगून आली की आज राहू द्या. कुणाला विचारलं नाही. परत येऊन तिनं नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं तो झटकला नाही, पण मानही वळवली नाही.

मास्तर सातवी वही उचलून रंगखोलीत गेले. कृती लिहायच्या टेबलाशी बसून त्यांनी कोरा कागद घेतला. मोठा मायना लिहिला आणि खोडला. अकरा वर्षं ते मनात जे पत्र लिहीत आले होते ते चार पानांचं होतं, त्यात कारणं होती, क्षमा होती, त्या पुस्तकातला उताराही होता. कागदावर आलं ते असं:

'तू विचारलं होतंस तो रंग आमचा. वहीतलं पान आणि तुझी पट्टी सोबत पाठवतोय, ती पानावरच्या दुसऱ्या पट्टीशेजारी ठेवून बघ. पाणी कोरड्या बोअरमध्ये सोडायचं मी सुचवलं. रंग गेला तो पाणी सुधारलं म्हणून नाही, मी काढायला लावला म्हणून. ते पाणी पिऊ नकोस, कुणालाही पिऊ देऊ नकोस. रविवारी एखादा कागद सहीला आला तर माझी सही आहे का म्हणून बघू नकोस. वाचून ठरव. हे पत्र गावात ज्याला दाखवायचं त्याला दाखव. दादा.'

मग त्यांनी सातव्या वहीतून जांभळ्याचं पान फूटपट्टीच्या काठानं फाडलं. वडिलांच्या वेळेपासून कुठल्याही वहीचं पान निघालं नव्हतं. सून दारात उभी राहून बघत होती.

"आत्यांना फोन करू?" तिनं विचारलं.

"पाण्याचं आत्ताच सांग. बाकीचं तिला वाचून कळू दे." मग जरा वेळानं, "आणि टँकर जाईल का तिकडे, ते बघ."

टपालपेटी गल्लीच्या टोकाला होती, पेटीवर लिहिलं होतं, पाच वाजता उघडली जाईल. पावणेपाच झाले होते. मास्तर भिंतीच्या कडेनं चालत गेले. एका कारखान्याच्या दारात सिमेंट कालवणं चालू होतं. तिथला म्हातारा रंगारी म्हणाला, काय मास्तर, तुमची फरशी झाली का? मास्तर म्हणाले, नाही. तो वाट बघत राहिला की हे पुढे काहीतरी सांगतील, पण ते पुढे निघून गेले होते.

पेटीच्या फटीत पाकीट जाईना. कापड चिकटवलेलं पान जाड होतं. घडी पडली की पट्टीवर रेघ उमटते आणि रंग पारखता येत नाही, म्हणून त्यांनी कधी कुणाला पानाची घडी घालू दिली नव्हती. त्यांनी पाकीट मध्ये दुमडलं, अंगठ्यानं दाबलं आणि आत ढकललं. बोटं क्षणभर फटीतच राहिली. मग त्यांनी सोडलं.

पेटी रिकामी असावी. तळाला लागल्याचा आवाज आला.